अर्ध्याहून अधिक

मेल्विन रांता राहत्या घराचं दार रोज सकाळी ठोठावून आत यायचा.

उठल्या उठल्या तो मागच्या दाराने लाकडं आणायला जाई. बर्चचे ओंडके छातीशी कवटाळून परत येई, स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबे आणि बुटाच्या टोकाने हलकेच दोनदा ठोठावी. आतून सेन्या म्हणे, "ये." मग तो येई. हात भरलेले असतात म्हणून ठोठावत असेल, असं पाहणाऱ्याला वाटलं असतं. पण उन्हाळ्यात, नुसता नळाला पाइप लावून परत येतानाही तो ठोठावायचा. घर सेन्याचं होतं. तिच्याआधी तिच्या नवऱ्याचं, रूडी हेक्किलाचं. मेल्विन तिथे चौदा वर्षं राहिला, पण पाहुण्याची ती एक सवय त्याच्या अंगावरून कधी उतरली नाही.

आम्ही समोरच राहायचो. हिवाळ्यात दोन्ही घरांमधल्या रस्त्यावर बर्फाचा बांध उभा राही आणि त्यावरून फक्त त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसे. तो लागला की आमच्याकडे सकाळ झाली असं धरत.

रूडी लोखंडाच्या खाणीत अपघातात गेला. कंपनीने सेन्याला पेन्शन दिली, दवाखान्याचा खर्चही देऊ केला, आणि अट घातली की दुसरं लग्न केलं तर दोन्ही बंद. मिशिगनच्या या वरच्या टोकाला, तळ्याकाठच्या खाणींच्या गावांत, अशा अटीवर जगणाऱ्या विधवा पुष्कळ होत्या. सेन्या तेव्हा पंचेचाळिशीची. थंडीत तिचा पाण्याचा पंप गोठला, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानातून मेल्विन आला. बोटींची इंजिनं, बर्फावरच्या गाड्या, पंप, सगळं तो दुरुस्त करी. आई असेपर्यंत आईजवळ राहिलेला, लग्नाचं राहूनच गेलेला माणूस. पंप नीट चालतोय ना हे पाहायला तो पुढच्या आठवड्यात आला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात आला. चौथ्या खेपेला पंपाकडे न बघता सरळ कॉफीला बसला.

त्यांनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कोणी विचारलंही नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चच्या जेवणात दोघं शेजारी बसत. नाताळाच्या कार्डांवर लोक "मेल आणि सेन्या" असंच लिहीत. पास्टरसुद्धा.

सेन्याचा एकच नियम होता: अर्धं-अर्धं. वडील गेल्यावर तिची आई दिराच्या घरी राहिली होती आणि ताटात वाढलेल्या प्रत्येक बटाट्याबद्दल दोन शब्द ऐकत जगली होती. सेन्या म्हणायची, "मला कोणी पोसायचं नाही." घर गरम ठेवायचं तेल तिचं, लाकडं त्याची. एका महिन्याची कॉफी त्याची, दुसऱ्या महिन्याची तिची. मेल्विनने गुपचूप एखादं पाकीट जास्त आणून फडताळात सारलं तर ती ते पुढच्या महिन्यात धरायची.

"तुझ्याशी संसार करणं म्हणजे सहकारी दुकान चालवणं आहे," तो म्हणायचा.

"मग सभासद हो आणि गप्प बस."

ती मागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. गावातले जुने शर्ट, पडदे, चादरी तिच्याकडे पट्ट्या होऊन येत आणि सतरंज्या होऊन परत जात. आमच्या दारातल्या सतरंजीत माझ्या शाळेच्या गणवेशाची निळी रेघ होती.

मेल्विनच्या दुकानाच्या मालकाने एका वर्षी कामगारांचा विमा बदलला. हप्ता कमी, पण आजारपणाचा सुरुवातीचा बराचसा खर्च ज्याचा त्याने करायचा. त्यासाठी एक आरोग्य बचत खातं उघडायचं, त्यात आपले पैसे टाकायचे, आणि जेवढे टाकू तेवढ्यावर आयकर लागत नाही. बाकीच्या कामगारांनी कुरकुर केली. मेल्विनला मात्र ते खातं आवडलं. एरवी छापील कागद समोर आला की तो चष्मा विसरल्याचं सांगायचा, पण यात त्याला लाकडांसारखं काहीतरी दिसलं. या उन्हाळ्यात तोडायचं, रचून सुकवायचं, पुढच्या हिवाळ्यात जाळायचं. दर महिन्याला तो बँकेत जाऊन पैसे भरायचा. एप्रिल आला की विवरणपत्रात ती वजावट स्वतः लिहायचा, आधी पेन्सिलीने, मग त्यावरून पेनाने.

वॉल्टर ट्रेंबली त्याचा शाळेपासूनचा मित्र. गावचा पोस्टमास्तर होता, निवृत्त झाल्यावर वाचनालयात बसून लोकांची विवरणपत्रं फुकट भरून द्यायचा. मेल्विन त्याला कॅफेत सांगत होता ते मी ऐकलंय.

"सरकार म्हणतं, आजारी पडायचे पैसे साठव. वर त्यावर करही घेत नाही."

"तू कधी आजारी पडलास? तुला सर्दीसुद्धा परवानगी काढून होते."

"म्हणूनच साठतात."

त्यानंतर खाणीच्या कंपनीने दिवाळं काढलं. पेन्शन कशीबशी चालू राहिली, जुन्या अटीसकट. दवाखान्याचा खर्च मात्र बंद झाला. त्याच वर्षी सेन्याच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. दुसऱ्या विमा कंपन्यांनी आजार आधीचा आहे म्हणून तिला घेतलं नाही. सरकारी विमा मिळायला तिची पासष्टी यावी लागणार होती आणि ती अजून लांब होती.

तेव्हापासून मेल्विनच्या सकाळच्या कामांत आणखी एकाची भर पडली. चूल पेटली की सेन्या खुर्चीत बसून मान मागे टाके आणि तो तिच्या डोळ्यांत थेंब घाली. इंजिनात तेल सोडताना धरायचा तशी, तीन बोटांत धरून, तो ती चिमुकली बाटली धरायचा. औषध महाग होतं. ते तो खात्याच्या कार्डावर घ्यायचा. एकदा लेझरचा उपचार झाला, तोही त्याच कार्डावर. औषधाच्या दुकानात कार्ड ओढलं की पैसे जातात. डोळे कोणाचे हे कार्ड विचारत नाही. विवरणपत्रात प्रश्न येई, काढलेले पैसे उपचारांवरच खर्च केले का? तो "होय" लिही. ते खरंच होतं.

आणि सेन्यानेही डोळ्यांच्या बाबतीत अर्ध्याचा नियम लावला नाही. तिने केलेला तो एकच अपवाद. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, फक्त त्या दिवसांत वेलचीचा पाव जरा जास्त वेळा भाजला जायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात शहरातल्या डॉक्टरने सांगितलं की आता थेंबांनी भागत नाही. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया हवी, आणि पानगळीच्या आत हवी. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकेल. खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा मेल्विन खूश झाला. खात्यात जवळपास तेवढेच पैसे होते.

"बघ," परत येताना तो म्हणाला, "मोजून रचल्यासारखे."

रक्कम मोठी, म्हणून यंदा चूक नको, असं त्याच्या मनात आलं. त्या एप्रिलला तो पहिल्यांदाच विवरणपत्र घेऊन वॉल्टरकडे गेला. शनिवार होता, बाजार करायचा होता, म्हणून सेन्याही बरोबर होती. पुढचं सगळं तिने मला फार नंतर सांगितलं, आणि वॉल्टरनेही, वेगवेगळं. पण दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

वॉल्टरने कागद पुढे ओढले. "खात्यात भरलेले बरोबर. वजावट बरोबर. पेन्सिलीने का रे लिहितोस, अजून तिसरीत आहेस का?"

"चुकलं तर खोडता येतं."

"बरं. आता काढलेले. एवढे सगळे? तू काय लपूनछपून आजारी पडतोस?"

"सेन्याच्या डोळ्यांचे आहेत."

वॉल्टरने पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी वर्तमानपत्र उलटत होतं, ते जाईपर्यंत तो थांबला.

"मेल, भरलेल्या पैशांची वजावट तुझी. ती कोणी काढून घेत नाही. पण खर्च करायचे तर तुझ्यावर, तुझ्या बायकोवर, नाहीतर तुझ्यावर अवलंबून असलेल्या माणसावर. दुसऱ्या कोणावर केले तर त्यावर कर लागतो, आणि वर पाचवा हिस्सा दंड. सेन्या तुझी बायको नाही."

"ते गावाला माहीत आहे."

"गावाला माहीत असून काय उपयोग? इथे मला लिहायचंय."

मेल्विनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वॉल्टर कराच्या नियमांचं जाडं पुस्तक उलटत राहिला. त्याला वाट काढायची होती. तो तसा माणूसच होता.

"थांब. अवलंबून असलेली, असं धरता येईल. वर्षभर एका छपराखाली राहता ना?"

"तिच्या छपराखाली."

"छप्पर कोणाचं का असेना. तिची पेन्शनही या कामात आड येत नाही. फक्त तिच्या जगण्याचा अर्ध्याहून अधिक खर्च तू करायला हवास. खाणं, राहणं, औषधपाणी, सगळं धरून. करतोस?"

मेल्विनने सेन्याकडे पाहिलं आणि मग आपल्या टोपीकडे. "अर्धा," तो म्हणाला. "बरोब्बर अर्धा."

"औषधं धरून?"

औषधं धरली तर काटा त्याच्या बाजूला झुकत होता हे तिघांनाही कळत होतं. वॉल्टरने पुन्हा विचारलं नाही. तो नुसता पेन हातात घेऊन बसला.

सेन्याने हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, घाई न करता. मग ती म्हणाली, "लिही, वॉल्टर. तो मला पोसतो."

वॉल्टर मला म्हणाला, मी चाळीस वर्षं या गावाची पत्रं वाटली, कोणाला तार दिली, कोणाला मेल्याची बातमी दिली, पण असा आवाज ऐकला नव्हता. त्याने लिहायला घेतलं. आणि सवयीने, नियमाखालची बारीक अक्षरातली टीप वाचली. ओठ हलवत, पुन्हा वाचली. मग उठून वाचनालयाच्या संगणकापाशी गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला.

परत आला तेव्हा तो दोघांकडे पाहत नव्हता.

"तुमचं एकत्र राहणं राज्याच्या कायद्याविरुद्ध असेल तर अवलंबून म्हणून धरता येत नाही, असं आहे."

"कुठला कायदा? आम्ही काय दरोडा घातलाय?" मेल्विन म्हणाला.

"जुना आहे. एकोणीसशे एकतीसचा. कोणी वापरत नाही. पण रद्दही केलेला नाही. लग्न न करता जे स्त्री-पुरुष..." तो थांबला. "तुम्हीच वाचा."

"मला दिसत नाही," सेन्या म्हणाली. "तू वाच."

वॉल्टरने वाचलं. लग्न न करता, कामुक आणि निर्लज्जपणे एकत्र राहणारे स्त्री-पुरुष. गुन्हा. शिक्षा, एक वर्षापर्यंत तुरुंग.

सेन्या तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. तिने हातमोजे पुन्हा चढवले.

ट्रकमध्ये, पूल ओलांडल्यावर, मेल्विन म्हणाला, "निर्लज्ज म्हणे. तो कायदा करणारा एखाद्या शनिवारी आपल्याकडे आला असता तर? सौनात वाफ घ्यायची, मग सूप, मग आठ वाजता तू घोरतेस. बिचारा कंटाळून घरी गेला असता."

ती हसली नाही.

"दंड भरू," तो म्हणाला. "पाचवा हिस्सा तर पाचवा हिस्सा. शस्त्रक्रिया तेवढी होऊ दे."

"आणि मागच्या वर्षांचं?"

"तेही भरू."

"तुझ्या पगारातून."

"मग काय तुझ्या सतरंज्यांतून?" हे बोलून त्याला वाईट वाटलं. काही अंतर गेल्यावर त्याने विचारलं, "लग्न करू या का, सेन्या?"

ती खिडकीतून पाहत होती. खिडकीच्या कडेचं जग तिला तेव्हाच दिसेनासं झालं होतं. "पेन्शन जाईल. मग तेल तुझं, कॉफी तुझी, सगळंच तुझं."

"असू दे की."

"आणि आज लग्न केलं म्हणजे काल जे होतं ते त्या पुस्तकात लिहिलंय तसंच होतं, असं मी सही करून सांगायचं. मला नाही जमणार, मेल."

त्याने आणखी आग्रह केला असता तर? हे मी पुष्कळदा मनात उलटून पाहिलंय. पण आतून "ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे त्याच्या हाडात होतं.

त्या रविवारी सेन्या चर्चला गेली, पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेली नाही, बाकावरच बसून राहिली. लोकांना वाटलं, नजर कमी झालीय म्हणून. पुढच्या रविवारी ती गेलीच नाही. मेल्विनने सांगितलं असणार, पास्टर घरी आले. म्हणाले, "सेन्याबाई, तो कायदा माणसांना विसरून गेलाय, तुम्हीही त्याला विसरा." ती म्हणाली, "तुमची कॉफी गार होतेय."

मे महिन्यात तिने मेल्विनला त्याच्या कॅम्पवर राहायला जायला सांगितलं. जंगलात त्याच्या वडिलांनी बांधलेली ती लाकडी खोपटी होती, हरणांच्या शिकारीच्या दिवसांपुरती. एक शेगडी, एक बाक, एक खाट.

"लोक काही बोलतात का तुला?" त्याने विचारलं.

"लोक कधीच काही बोलले नाहीत."

"मग?"

"रूडीच्या घरात मला तसली म्हणवून राहायचं नाही."

त्याने सामान भरलं. फारसं निघालं नाही. चौदा वर्षांत घेतलेल्या वस्तूंपैकी बहुतेक निम्म्या-निम्म्या होत्या, आणि निम्मी कढई उचलता येत नाही. त्याने कपडे, हत्यारं आणि आईचा फोटो घेतला. जाताना म्हणाला, "थेंबांना येईन."

तो रोज आला. कच्च्या रस्त्याने, बर्फात, पहाटेच्या अंधारात. लाकडं आत आणायची, चूल पेटवायची, थेंब घालायचे, दुकानात जायचं. पण आता त्या औषधाचे पैसे सेन्या स्वतः द्यायची, आणि बाटली लवकर संपू नये म्हणून कधी कधी म्हणायची, "आज नको. कालचा अजून चुरचुरतोय." बाटली हलवून पाहिली की त्याला कळायचं.

मागच्या वर्षांची विवरणपत्रं त्याने वॉल्टरकडून दुरुस्त करून घेतली. कर आणि दंड हप्त्याहप्त्याने भरला. सेन्याला सांगितलं नाही. शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली तशी तो एकटाच शहरातल्या रुग्णालयात गेला आणि पैसे आधीच भरून ठेवता येतील का विचारून आला. तिथल्या बाईने सांगितलं, पैसे केव्हाही घेऊ, पण रोगी तर यायला हवा ना. संध्याकाळी त्याने हे सेन्याला सांगितलं. ती मागावर बसली होती.

"दंड भरून विकत घेतलेले डोळे मला नकोत."

"सेन्या, ते थांबणार नाहीत. डॉक्टर म्हणाला ना."

"तू पासष्टचा झालास की दंड नाही, असं वॉल्टर म्हणाला. नुसता कर. माझी पासष्टीही तेव्हाच. तेव्हा करू."

"मी एकसष्टचा आहे."

"मग लाग कामाला. मोठा हो." ती बरेच दिवसांनी थट्टेने बोलली होती, म्हणून तो हसला. हसल्यामुळे ते ठरल्यासारखं झालं.

हे असं थांबणं बाहेरच्या कोणाला वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे नाही वाटत. इथे लोक गुडघा बदलायला जानेवारीची वाट पाहतात, दात काढायला नवी नोकरी लागण्याची, आणि पासष्टीची तर सगळेच, एखाद्या गाडीची पाहावी तशी. ती येईपर्यंत फलाटावर कोण उभं राहू शकेल एवढाच प्रश्न असतो.

काचबिंदू कडांकडून आत येतो. सेन्याचं जग दोन्ही बाजूंनी मिटत आलं आणि समोर नळीएवढं उरलं. आधी सतरंज्यांच्या काठांचे रंग चुकले. मग मध्येच वेगळा धागा यायला लागला. गावातल्या बायका त्या सतरंज्या तरीही घेत आणि पैसे देताना सुंदर म्हणत. एकदा मेल्विन तिच्या बाजूला उभा होता, ती त्याच्याशी बोलायला वळली आणि रिकाम्या खुर्चीशी बोलत राहिली. तो पाय न वाजवता खुर्चीत जाऊन बसला, आणि मगच उत्तर दिलं.

खात्यात तो पैसे भरत राहिला. दर एप्रिलला वजावट घेत राहिला. आता वॉल्टरच लिहायचा, पेनाने.

"मी ते पान उघडायलाच नको होतं, मेल."

"तू नाही तर आणखी कोणी उघडलं असतं. तुझं अक्षर तरी बरं आहे."

त्रेसष्टाव्या वर्षी मेल्विनच्या छातीत दुखायला लागलं. दुकानात काम करता करता तो बर्फगाडीच्या सीटवर बसायचा, घामेजलेला, आणि इंजिन पाहतोय असं दाखवायचा. मालक त्याच्यापेक्षा बराच तरुण. त्याने दोनदा सांगितलं, डॉक्टरकडे जा. तिसऱ्यांदा तो चिडला.

"खात्यात एवढे पैसे आहेत तुझ्या. कशासाठी आहेत ते? यासाठीच ना?"

"ते ठेवलेले आहेत," मेल्विन म्हणाला.

"कोणासाठी?"

मेल्विनने पाना मागितला.

त्या खात्यातून पैसे काढायचा हक्क सबंध जगात त्या एकाच माणसाला होता, कराशिवाय, दंडाशिवाय, कोणाला काही न विचारता. त्याने स्वतःसाठी त्यातला एक डॉलर काढला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी तो सेन्याकडे आला नाही. तिने वाट पाहिली आणि दुकानात फोन केला. मालक कॅम्पवर गेला. मेल्विन लाकडं फोडायच्या ठोकळ्यापाशी पडलेला होता. फोडलेली लाकडं रचून झाली होती.

खात्याला वारस म्हणून त्याने सेन्याचं नाव लावलं होतं. पण ती बायको नव्हती. बायकोला ते खातं तसंच मिळतं, जसंच्या तसं, तिच्या डोळ्यांसाठी. बाकी कोणाला मिळालं तर ते खातं संपतं आणि सगळी रक्कम त्या वर्षीचं तिचं उत्पन्न ठरते. एप्रिलमध्ये वॉल्टर कागद घेऊन तिच्याच स्वयंपाकघरात आला. वाचनालयात ती पुन्हा कधी गेली नव्हती. कर वजा जाता बरेच उरले. मी तिला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने दोन्ही डोळे तपासले आणि उजव्याबद्दल बोलला नाही. डाव्यात थोडा उजेड आहे, म्हणाला. शस्त्रक्रिया केली तर तेवढा धरून ठेवता येईल.

"तेवढ्यात काय दिसेल?" तिने विचारलं.

"खिडकी कुठे आहे ते कळेल."

"ते मला माहीत आहे," सेन्या म्हणाली, आणि कोट मागितला.

पैसे अजून बँकेत आहेत. साध्या खात्यात.

माग आता झाकून ठेवलाय. मी संध्याकाळी जाते, पत्रं वाचून दाखवते. ती मेल्विनबद्दल फारसं बोलत नाही. एकदाच बोलली, शेवटच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी तो नेहमीसारखा आला आणि नेहमीसारखा गेला. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणाली. आदल्या दिवशी पाऊस होऊन रात्रीत सगळं गोठलं होतं. दुपारी फोन वाजला. मागे दुकानात कुठलं तरी इंजिन चालू होतं, म्हणून तो जरा मोठ्याने बोलत होता.

"सेन्या, मागची पायरी निसरडी आहे, राख टाकायची राहिली बघ माझ्याकडून. पत्रं आणायला बाहेर पडू नकोस. सकाळी येताना मी आणतो."